रात्री कुठे झोपलात?

वॉर्डाचं दार उघडलं नाही. कार्ड लावलं की ते दार टुक करतं, हिरवा दिवा लागतो आणि खांद्याने ढकललं की उघडतं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की खांदा तिने आधीच पुढे केला होता. तो काचेवर आपटला. दिवा लाल होता. तिने कार्ड बाहीला पुसलं, उलटं करून लावलं, सुलटं करून लावलं. लाल ते लालच. छातीत एक ठोका चुकला. खरोखरचा चुकला; अशा चुकलेल्या ठोक्यांवर दुसऱ्या वर्षाच्या मुलींना ती अख्खा तास शिकवते, यात घाबरण्यासारखं काही नाही म्हणून बजावते. ती घाबरली नाही. ती चिडली. गुरुवारची सकाळ होती, वर्षानुवर्षं गुरुवारची सकाळ तिची याच दाराच्या पलीकडे जायची, आणि अंगावर इस्त्रीचा पांढरा कोट, खिशात घड्याळ, केस घट्ट बांधलेले, अशा संपूर्ण तयारीत ती पहिल्यांदाच काचेच्या चुकीच्या बाजूला उभी होती. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि चेहऱ्याच्या आरपार आतले पलंग.

तिने घंटी दाबली. आतून इनचार्ज सिस्टर आली. ही तिचीच विद्यार्थिनी, बारीक आवाजामुळे कॉलेजात तिला सगळे चिमणी म्हणायचे, आणि आता अख्खा वॉर्ड तिच्या त्या बारीक आवाजावर चालायचा. चिमणीने दार हातभर उघडलं आणि ते पायाने अडवून धरलं. तेवढ्या फटीतून जंतुनाशकाचा आणि गरम टॉवेलांचा ओळखीचा वास बाहेर आला.

"मॅडम, वरून निरोप आलाय," ती म्हणाली. "तुमचं नाव वॉर्डाच्या यादीतून काढलंय. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मला कोण सांगणार? दाराला सांगितलं की पुरे."

"मी काय करू, मॅडम? आत घेतलं तर माझ्यावर येईल."

"घेऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्यावर यायला नको. तू जा, औषधांची वेळ झालीय."

चिमणी गेली. दार मिटलं. समोरच्या भिंतीला नातेवाइकांचा बाक होता, तिथे ती जाऊन बसली. या बाकासमोरून ती हजारदा गेली असेल, बसली कधीच नव्हती. बाक बुटका होता. बसलं की गुडघे वर येत आणि माणूस आपोआप पोक काढून बसे. इथले नातेवाईक सगळे असे दबल्यासारखे का दिसतात याचं एक कारण तिला बसल्या बसल्या कळलं, आणि ते कुठेतरी लिहून पाठवावं असं मनात येऊन तिला हसू आलं. ही तिची जुनी खोड. घरात आग लागली तरी आधी धुराचं निरीक्षण करील, असं तिचा भाऊ म्हणतो.

मंगळवारी संचालकांनी बोलावलं होतं. संचालक तसे सभ्य गृहस्थ, बोलणं लोण्यासारखं. वाईट बातमीसुद्धा अशी देतात की ऐकणाऱ्याने आभार मानून उठावं. त्यांनी आधी तिच्या संशोधनाचं कौतुक केलं. संस्थेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर तिचं काम आहे, बाहेरची माणसं विचारत येतात, वगैरे. मग चहा आला. मग ते म्हणाले, "तुम्ही आता प्रोफेसर झालात. शिकवा, संशोधन करा, कोण अडवतंय? पण वॉर्डात जाऊन रुग्णांची अंगं पुसणं हे काही आता... म्हणजे त्यालाही मान आहेच. पण जबाबदारीचा प्रश्न येतो. उद्या काही झालं तर तुम्ही कुणाच्या हाताखाली? वॉर्डाच्या की कॉलेजच्या? माणसाने किती डगरींवर पाय ठेवायचे? तुमचे तर तीन झाले." आणि स्वतःच्या विनोदावर ते हलकेच हसले. "विचार करा. घाई नाही." घाई नाही, हे तिला सांगितलं होतं. दाराला बहुधा वेगळं सांगितलं असावं. उत्तर तिला सुचलं जिना उतरताना, नेहमीसारखं उशिरा: दोन पायांचं स्टूल उभंच राहत नाही, चार पायांचं डगमगतं, आणि तीन पायांचं कसल्याही फरशीवर ठेवा, हलत नाही. जिन्यात तिच्यापुढे एक प्लंबर पाइप घेऊन चालला होता, त्यालाच हे ऐकवावं अशी उबळ आली होती. घरी जाऊन आईला ऐकवलं. आई म्हणाली, "स्टूल कशाला, चांगली खुर्ची देतायत ना, मग बस की तिच्यावर. एवढं शिकलीस, अजून लोकांची भांडी उचलायची हौस फिटली नाही का तुझी?"

आईचं एक वेगळंच प्रकरण आहे. मुलगी नर्सिंगला गेली तेव्हा आईने नातेवाइकांना "ती हॉस्पिटलात असते" एवढंच सांगितलं, आणि काही मंडळी खरोखरच विचारपूस करायला फळं घेऊन आली. पुढे मुलीने पीएचडी केली आणि नावामागे डॉक्टर लागलं, त्या दिवशी आईच्या जिवात जीव आला. तेव्हापासून जिन्यात, दुकानात, फोनवर, आईच्या तोंडी "आमची डॉक्टर". ती शेजारी उभी असली की दुरुस्त करायची, "नर्स." आई ओठ मुडपायची. दुकानदार एकदा म्हणाला, "अहो, तुम्ही दोघी आधी घरी ठरवून या." तिला आईचा राग येत नसे असं नाही, येई, चांगला येई. डॉक्टर शब्दाशी तिचं वैर नव्हतं. पण आईच्या त्या शब्दात तिची सगळी वर्षं एखाद्या डागासारखी खरवडून काढली जात आणि खाली काही तरी चकचकीत दिसू लागे, ते तिला आपलं वाटत नसे. संचालकांचं "त्यालाही मान आहेच" आणि आईचं "आमची डॉक्टर" ही एकाच कापडाची दोन टोकं आहेत, असं आज बाकावर बसून तिला स्वच्छ दिसलं. दोघांनाही ती हवी होती. फक्त हात धुऊन आलेली हवी होती.

काचेपलीकडे कुणी तरी पलंग ढकलत होतं. एक चाक करकरत होतं, तेच, डावीकडचं पुढचं. त्याची तक्रार तिने स्वतः किती वेळा केली होती. आवाजावरून तिला कळे की पलंग कुठे वळतोय. डोळे मिटले तरी वॉर्ड दिसत होता. हा हृदय दमलेल्या माणसांचा वॉर्ड. झटका येऊन ओरडत आलेली माणसं दुसरीकडे जातात. इथे येतात ती हळूहळू दमलेली, जिन्यात थांबणारी, पायाच्या सुजेमुळे सैल चपला घालणारी. अशा माणसाला सपाट झोपवत नाही. आडवं झालं की छातीत पाणी चढल्यासारखं होतं, श्वास कोंडतो, म्हणून तो एक उशी घेतो, मग दोन, मग तीन. उशा वाढल्या की दुखणं वाढलं, उशा कमी झाल्या की उतार पडला. जगभरच्या पुस्तकांत हा प्रश्न आहे: रात्री किती उशा घेता? तिच्याही पहिल्या मोठ्या अभ्यासात तो होता, आणि त्या प्रश्नावर तिचा आंधळा विश्वास होता.

ग्रंथपाल आठवले. निवृत्त ग्रंथपाल, अत्यंत नेमके, कुठलंही उत्तर देण्याआधी चष्मा काढून पुसणारे. अभ्यासाच्या सुरुवातीला म्हणाले, तीन उशा. औषध बदललं, आणि काही महिन्यांनी म्हणाले, एक. त्यापुढे दर वेळी एक. ते उत्तर ते इतक्या समाधानाने देत की तिलाही समाधान वाटे. तिच्या आलेखावर ग्रंथपालांची रेघ सगळ्यांत सुरेख उतरत होती. भाषणात ती रेघ दाखवताना तिचा आवाज जरा चढायचासुद्धा. निबंध छापायला जायच्या बेतात होता. आणि एका गुरुवारी पाहते तर ग्रंथपाल वॉर्डात दाखल, पाय सुजलेले, ओठ निळसर. तिला काही समजेना. सकाळी ती त्यांचं अंग पुसत होती. गरम पाण्याचा टॉवेल, आधी चेहरा, मग मान, मग हात. हात उलटा केला तर मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला एक काळपट, दबलेला पट्टा. दुसऱ्या हातावरही तसाच. तिने विचारलं, हे कसलं? ते म्हणाले, खुर्चीचे हात. कसली खुर्ची? झोपायची. आणि मग, एखाद्या वाचकाला पुस्तकाचा खण दाखवावा तशा शांतपणे, "अहो, पलंगावर मला जमतच नाही आता. कधीपासून खुर्चीतच झोपतो. तुम्ही उशा विचारल्यात. खुर्चीत एकच मावते."

टॉवेल गार होईपर्यंत ती तशीच उभी होती. त्यांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी त्यांचं हृदय पलंग सोडून देण्याइतकं थकलं, त्याच दिवशी तिच्या आलेखावर ते बरे झाले. आणि हे तिला कॉलेजातल्या खोलीत, फायलींच्या आणि आकड्यांच्या पलीकडे बसून, जन्मात कळलं नसतं. ते कळलं, कारण त्या सकाळी टॉवेल तिच्या हातात होता. निबंध तिने थांबवला. प्रत्येकाकडे परत गेली आणि उशांचं नाव न काढता विचारलं, रात्री कुठे झोपलात? लोक सांगू लागले. कुणी खुर्चीत. कुणी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून. एक ट्रकचालक ट्रकमध्येच, कारण तिथे सीट मागे टेकता येते. बायकोला वाटत होतं भांडून गेलाय. एक शिक्षिका भिंतीला पाठ लावून, नवऱ्याला दिवा चालत नाही म्हणून अंधारात, डोळे उघडे. तो नवा प्रश्न घेऊन तिने निबंध पाठवला तेव्हा तो परत आला: "कुठे" हे मोजता येत नाही, शास्त्रीय नाही. ती भांडली. पुन्हा पाठवला, पुन्हा भांडली. या भांडणाच्या काळात तिचं एक जमत आलेलं लग्न फिसकटलं, आणि त्याचं दुःख नेमकं किती करायचं हे ठरवायला तिला सवड झाली नाही. कधी तरी कपाटात खालच्या फळीवरचं काही शोधताना ते आता अवचित हाताला लागतं. पण निबंध छापून आला. आज तो प्रश्न कुठल्या कुठल्या दवाखान्यांत विचारतात. ग्रंथपाल पुढे काही वर्षं पलंगावर झोपले, आणि मग गेले. आणि त्या प्रश्नाचं कौतुक माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापून, तो प्रश्न जिथे सापडला त्या खोलीचं दार संचालकांनी बंद केलं होतं.

तेव्हा घोडं नेमकं इथे अडलं होतं. नव्या अभ्यासाची सुरुवात व्हायची होती. घरी सोडलेली माणसं पुन्हा वॉर्डात का येतात, जाताना आपल्यापासून काय लपवतात, हा तो अभ्यास. हे लपवणं कागदावर उमटत नाही. ते अंगावर उमटतं, चादरीवर, ताटात तसंच राहिलेल्या अन्नावर. वॉर्ड गेला तर अभ्यास होईल, नाही असं नाही. आलेख निघतील, रेघा सुरेख उतरतील. फक्त त्यांच्याखाली कुणी तरी खुर्चीत बसून रात्र काढत असेल आणि तिला ते कधीच कळणार नाही. आणि वर्गातल्या मुलींना ती काय शिकवणार? गेल्या वर्षी काय दिसलं होतं ते? हळूहळू तिचं शिकवणं आठवणींवर चालू लागेल, मग आठवणींच्या आठवणींवर. असे प्राध्यापक तिने पाहिले होते. त्यांच्या तासाला तिला झोप यायची. उठावं, कॉलेजात जावं, रीतसर अर्ज करावा, मूग गिळून वाट बघावी, हेच सगळे सांगतील. आजवर तिने तेच केलं होतं, दर वेळी. बाकावर पोक काढून बसलेल्या स्वतःकडे तिने एकदा पाहिलं आणि पाठ ताठ केली. बाक कुरकुरला.

एव्हाना बाकावर आणि आसपास माणसं जमली होती. डबे, पिशव्या, एक गुंडाळलेलं मासिक, एका बाईच्या हातात धुतलेले मोजे. भेटीची वेळ होत आली होती. दारावरचे काका आपलं स्टूल घेऊन आले आणि दाराशी बसले. दर गुरुवारी ती निघताना दार धरून ठेवणारे काका. तिला बाकावर पाहून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. अख्ख्या इमारतीला माहीत होतं. लोक रांगेत उभे राहिले. तिने अंगातला पांढरा कोट काढला, नीट घडी घातली, बॅगेत ठेवला आणि मोजेवाल्या बाईच्या मागे उभी राहिली. कोटाशिवाय दंडांना गार वाटत होतं. इतक्या वर्षांत तिने इथे ते कधी उघडे ठेवले नव्हते.

"कुणाला भेटायचंय?" काकांनी सवयीने विचारलं आणि वर पाहून अवघडले. "ताई, मला लाज वाटते हो तुम्हाला विचारायला."

"विचारा. तुमचं काम आहे ते."

"कुणाला?"

"ज्यांच्याकडे कुणी येत नाही त्यांना. असेल ना कुणी आत?"

काकांनी थोडा विचार केला. "खिडकीजवळच्या शिवणकामवाल्या आजी. त्यांना तुम्ही चालता का ते आधी विचारून येतो." ते आत जाऊन आले. "या म्हणाल्या. कुणीही चालेल, पण फार बडबड नको. नातं काय सांगू?"

"नर्स."

"ताई, मी नातं विचारलं."

"तेच सांगितलं मी," ती म्हणाली.

काकांनी डोकं खाजवलं, कुठेच काही लिहिलं नाही, आणि दार उघडून धरलं, दर गुरुवारी धरायचे तसंच.

शिवणकामवाल्या आजी पलंगावर बसल्या होत्या, केस विंचरून, निघायच्या तयारीत. त्यांच्या बोटांना सुई टोचून टोचून आलेला जुना खरखरीतपणा होता. उद्या घरी सोडणार, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. तब्येत उत्तम, भूक उत्तम, झोप उत्तम. ती स्टुलावर बसली. तीन पायांचं नव्हतं, चारच होते, आणि ते डगमगत होतं. तिने आजींचा हात हातात घेतला. भेटायला आलेल्या माणसाने हात धरला तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिची बोटं आपसूक मनगटाच्या आतल्या बाजूला गेली. पहिल्या वर्षाच्या मुलींना ती सगळ्यांत आधी हेच शिकवते: नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. श्वास मोजतोय असं कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो, म्हणून बोटं नाडीवर ठेवायची आणि नजर छातीवर. त्याला वाटत राहतं, अजून नाडीच चाललीय. जगातल्या कुठल्याही वॉर्डात, कुठलीही नर्स, असा हात धरून बसलेली असते, आणि दुरून ती भेटायला आलेल्या बहिणीसारखी किंवा भावजयीसारखीच दिसते. एवढ्या वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आज ती दोन्ही होती.

नाडी बरी होती. श्वास बरा नव्हता. बोलणं थांबलं की गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता.

"रात्री कुठे झोपलात?" तिने विचारलं.

आजींनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर एक उशी, मधोमध खोलगट दबलेली.

"तिथे," आजी हळूच म्हणाल्या. "पलंगावर कोंडल्यासारखं होतं. सिस्टर फेरीला आली की मी परत येऊन पडते. आता हे कुणाला सांगायचं नाही हं. माझं मशीन घरी उघडं पडलंय. उद्या मला जायचंय."

"सांगणार," ती म्हणाली.

"तुम्ही भेटायला आलात की पकडायला?"

"दोन्ही. राग आला तर येऊ द्या. पण उद्या गेलात तर आठवड्यात परत याल, आणि ते येणं असं केस विंचरून नसेल. इथे दोन दिवस जास्त राहिलात तर मशीनवर बसाल. मी खोटं सांगत नाही."

आजींनी हात सोडवून घेण्याचा एकदा प्रयत्न केला, मग राहू दिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, संतापाचं होतं. चिमणी तोवर पलंगाशी येऊन उभी राहिली होती. तिने उशी पाहिली, खुर्ची पाहिली, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. जाता जाता पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून गेली.

बॅगेतला फोन वाजू लागला. तिने उजव्या हाताने काढला. डावा आजींच्या मनगटावर तसाच होता. संचालक होते. बातमी जिन्याने नाही, लिफ्टने गेली होती.

"मॅडम, तुम्ही वॉर्डात आहात असं कळलं," ते म्हणाले. आवाज अजून लोण्याचाच होता, पण फ्रीजमधून काढलेल्या. "आत कशा गेलात?"

"दारातून. भेटीची वेळ आहे."

"अहो, पण कोणत्या नात्याने?"

"नर्सच्या."

"हे बघा, आपण नीट बसून बोलू. मी घाई नाही म्हटलं होतं."

"मीही घाई करत नाहीये, सर. वॉर्ड मी सोडणार नाही, शिकवणं सोडणार नाही, अभ्यास सोडणार नाही. हे आज लेखी देते. कार्ड सुरू करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही झालं तर पुढच्या गुरुवारी या वेळेला पुन्हा येईन, आणि माझा वर्ग घेऊन येईन. ज्यांना आम्ही चालू त्यांच्याच पलंगाशी बसू. एका पेशंटला दोन माणसं चालतात, पाटी दारावरच आहे. त्यानंतरच्या गुरुवारीही येऊ. पहिल्या पानावर फोटो छापायचा असेल तर तोही तेव्हाच काढा. आता ठेवते, माझं मोजणं चुकलं."

तिने फोन ठेवला. आजी तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"साहेबाशी अशा बोलता," त्या म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टर दिसता तुम्ही."

"नाही हो आजी. नर्स आहे."

"मग बरं," आजी म्हणाल्या आणि मान मागे टेकून त्यांनी डोळे मिटले. तिने मनगटावरची बोटं सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.